ऑईलचा लाल दिवा

आंबा घाट चढून वर चहाला थांबलो आणि जीप स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना ऑईलचा लाल दिवा मिणमिणायला लागला. जरा रेस दिली की विझायचा, पाय काढला की परत. इंजिन लगेच बंद केलं. हा दिवा ऑईलच्या लेव्हलचा नसतो, दाबाचा असतो. दाब गेला की क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची बेअरिंगं कोरडी घासतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकतं.

डिपस्टिक, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, पुसून पाहिली. ऑईल भरपूर होतं. तेवढ्यावर मी निश्चिंत झालो, आणि खरी खूण तिथेच नजरेतून सुटली.

चालत्या गाडीत दिवा लागत नव्हता, म्हणून अंदाज घेत कोल्हापूर गाठलं. तिथल्या गॅरेजमध्ये नुसता आवाज ऐकून निकाल मिळाला : "बेअरिंगं झिजलीत, इंजिन खोलावं लागेल." वडिलांनी घेतलेली, पंचवीस वर्षं शेतावर राबलेली गाडी. पोटात खड्डाच पडला. पण एकही मोजमाप न करता इंजिन खोलायला मन तयार होईना.

गावी आणून आधी सोपं ते केलं. हा दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचची वायर काढली, दिवा विझला. ती बॉडीला टेकवली, लागला. म्हणजे वायर ठीक. स्विच नवा बसवला, तरी गरम इंजिनवर तेच. मग आमच्या जुन्या मिस्त्रींना, तात्यांना बोलावलं. ते म्हणाले, "दिवा नुसतं हो किंवा नाही सांगतो. किती ते काटा सांगेल." स्विच काढून त्याच भोकात त्यांनी साधा प्रेशर गेज बसवला.

थंड इंजिनवर काटा ५० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप). वीस-पंचवीस मिनिटं गाडी फिरवून आणली, तर २००० आरपीएमला जेमतेम २२ आणि स्लोवर ५. आमच्या गाडीचा दिवा लागतो तो साधारण याच दाबाला. म्हणजे दिवा खरं बोलत होता.

आता तात्यांनी डिपस्टिक मागितली. ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं! महिन्याभरात मी थेंबही टाकला नव्हता. त्यांनी बोटांवर चोळून वास घेतला आणि माझ्यापुढे हात धरला. डिझेलचा वास. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकून ठेवला. थोड्या वेळात मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं पसरलं. डिझेल मिसळून ऑईल पातळ झालं होतं. गरम झाल्यावर ते आणखी पातळ होऊन बेअरिंगच्या फटींतून सहज निसटायचं, मग दाब टिकणार कसा?

डिझेल आलं कुठून? टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप इंजिनच्या कुशीत, कॅमवर चालतो. आमच्याकडे त्याला एसी पंप म्हणतात. गारव्याशी त्याचा काही संबंध नाही. तो उघडला, तर आतल्या रबरी पडद्याला नखाएवढी चीर. तिथून डिझेल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात उतरत होतं. सकाळी गाडी जास्त सेल्फ का मागत होती, तेही तेव्हा उलगडलं. हे वेळीच कळलं याचं मला अजून हायसं वाटतं, कारण चेंबर असं भरत गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून चावी बंद केल्यावरही पळत सुटू शकतं.

नवा पंप, नवं १५डब्ल्यू-४० ऑईल, नवा फिल्टर. चेंबर खोलून आतली ऑईल गाळायची जाळीही धुतली, पण ती बरीचशी स्वच्छच होती. परत तेवढीच फेरी मारून आलो : २००० आरपीएमला ४०, स्लोवर १६. इंजिन उतरवायची गरजच पडली नाही.

गेज आता डॅशबोर्डखाली कायमचा बसवलाय. शिवाय दर रविवारी, गाडी गार असताना, डिपस्टिक पाहतो, आणि लेव्हल खाली गेली का यासोबत वर चढली का हेही बघतो. पाचशे किलोमीटर झाले, ऑईल खुणेवर आहे तिथेच आहे.