रबराच्या चिकाचा चेंडू

दोडामार्गात आमच्या घरामागे रबराची बाग आहे, केरळहून येऊन इथे स्थायिक झालेल्या कुटुंबाची. उजाडायच्या आत ते सालीवर तिरकी चीर देतात आणि खाली बांधलेल्या करवंटीत पांढराशुभ्र चीक थेंबथेंब जमतो. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याला मी मुद्दाम पहाटे उठवून तिथे नेलं. बागेतल्या चेट्टननी (मल्याळममध्ये चेट्टन म्हणजे थोरला भाऊ) वाटीभर चीक हातात दिला.

"मामा, हे दूध?"

"दुधासारखंच वागतं, बघ आता."

पहिल्या खेपेला मी पाणी न घालता थेट व्हिनेगर ओतलं. वरचा थर तेवढा गोठला, आत कच्चा चीक राहिला आणि दाबताच तो पोराच्या शर्टवर उडाला. कपड्यावरचा चीक निघत नाही, तेव्हा जुना सदरा घालूनच बसा. दुसऱ्या खेपेला चीक फडक्यातून गाळला, तेवढंच पाणी घातलं, मग चमचाभर व्हिनेगर टाकून काडीने ढवळत राहिलो. मिनिटभरात काडीभोवती गोळा धरला. तो बादलीतल्या पाण्यात बुडवून, दाबून दाबून आतलं पाणी काढलं आणि तळहातांवर लाडवासारखा वळला.

चिकात रबराचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांच्याभोवती प्रथिनांचं वेष्टन आणि त्यावर ऋण भार, म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात. आम्ल पडलं की तो भार जातो आणि कण एकमेकांना बिलगतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, तसंच. बागेत पत्र्याच्या ताटांत फॉर्मिक आम्ल घालून हेच करतात, पण ते आम्ल कातडी भाजतं. मुलांबरोबर व्हिनेगरच बरं.

ओल्या चेंडूचा पहिला टप्पा ओसरीच्या लादीवर पडला आणि तो पोराच्या कमरेपर्यंत उसळला. त्याचा चेहरा बघायला हवा होता! रबराचे लांबलचक रेणू गुंडाळलेल्या दोऱ्यासारखे असतात. आपटल्यावर ताणले जातात आणि लगेच मूळ जागी येतात. ती उसळी झाडाच्या चिकातच होती, आम्ही ती गोळा केली.

रात्री त्याला मेक्सिकोतल्या एल मनातीची गोष्ट सांगितली. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे रबरी चेंडू सापडलेत. त्या भागातले लोक दुसऱ्याच एका झाडाच्या चिकात गारवेलीच्या कुळातल्या वेलीचा रस मिसळायचे, त्याने रबराची उसळी वाढायची.

भाऊबीज झाली, भाचा चेंडू घेऊन गेला. आठवड्याने फोन आला, "मामा, चेंडू पिवळा पडला. आणि खालून चपटा झालाय."

कच्च्या रबराचे रेणू एकमेकांवरून हळूहळू घसरतात, म्हणून तो बसतो. गंधक घालून तापवलं की रेणूंमध्ये गाठी पडतात. हे चार्ल्स गुडइयरला 1839 साली सापडलं.

"मग आपण गंधक घालूया?"

"घरात गंधक तापवायचं नाही."

"आणि त्या वेलीचा रस?"

आमच्या कुंपणावर गारवेल आहे. मे महिन्यात भाचा येणार आहे, तोवर खलबत्ता घासून ठेवतो.