आमची वाटचाल : पेटीशी जुळलेले सोळा कीबोर्ड

अमळनेरला आमचं दुकान आप्पांनी सुरू केलं ते पेटी दुरुस्तीचं. भाता फुटला, सूर बसला, पट्टी अडकली की आसपासच्या गावांतली भजनी मंडळं पेटी खांद्यावर घेऊन यायची. वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मी शाळेतून आलो की दप्तर टाकून भात्याला चामड्याच्या पट्ट्या चिकटवायला बसायचो.

पुढे लग्नाच्या बँडवाल्यांचे कीबोर्ड यायला लागले आणि ते काम माझ्याकडे आलं. खान्देशातली लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे. ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर, वरात धुरळ्यातून चाललेली आणि कीबोर्ड गाडीवर उघडा. तक्रार नेहमी एकच असायची, काही पट्ट्या मुक्या झाल्या किंवा हळू दाबलं तरी किंचाळतात. उघडून बघितलं की कारण समोर दिसायचं. प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी असते, तिच्या पोटात कार्बनचे दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की आधी एक टेकतो, मग दुसरा. या दोघांमधल्या वेळेवरून यंत्र ठरवतं की बोट जोरात पडलं की हळू. त्या ठिपक्यांवर धूळ बसली की हिशोब चुकतो. रबर सोडवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ठिपके आणि खालची पाटी पुसायची, पूर्ण वाळू द्यायची. घाई केली तर परत उघडावं लागतं. हे काम मी शेकडो वेळा केलं असेल, आणि पुढे शाळांमध्ये ते फार उपयोगी पडलं.

शाळेचं पहिलं काम एका संगीत शिक्षकांमुळे मिळालं. वर्गात चाळीस मुलं आणि पेटी एक. सर म्हणाले, "भाऊ, पोरं गातात झकास, पण पेटीवर बोट ठेवायची पाळी आठवड्यातून एकदा येते. घरी पेटी कोणाकडे आहे?" आम्ही दहा कीबोर्ड बसवले, बटण चालू केलं आणि निघून आलो. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण चूक आमची होती. दहा मुलं एकदम वाजवायला लागली तर स्वतःचा सूर कोणालाच ऐकू येईना. मग सगळ्यांना हेडफोन दिले. वर्ग शांत झाला, पण आता सरांना काहीच ऐकू येईना. दहा पोरं मान खाली घालून बोटं हलवताहेत, कोण बरोबर वाजवतंय, कोण चुकतंय, कळायला मार्ग नाही. महिनाभरात कीबोर्ड कपाटात गेले. ती बातमी आप्पांनी सांगितली तेव्हा मला जेवण गेलं नाही. वाद्यं विकली म्हणजे वर्ग उभा राहत नाही, हे तेव्हा कळलं.

अशा वर्गासाठी परदेशी कंपन्यांचे तयार कंट्रोलर मिळतात. शिक्षक बसल्या जागी हव्या त्या मुलाचं वाजवणं ऐकतात, त्याच्या कानात बोलतात, दोघांची जोडी लावून देतात. पण आमच्याकडच्या शाळांना ते परवडत नाहीत. म्हणून आम्ही साधा मार्ग काढला. प्रत्येक कीबोर्डच्या हेडफोनच्या जागी दोन फाटे, एक मुलाच्या कानाला, दुसरा लांब केबलने सरांच्या टेबलावरच्या, सगळ्यांचे आवाज एकत्र घेणाऱ्या मिक्सरला. ज्याचं ऐकायचं त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती दांडी, वर करायचा. पहिल्या दिवशी पियानोचा आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा येत होता. दोन तास डोकं खाजवल्यावर उमगलं. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट दोन तारांतला फरक तेवढाच घेतं, त्याला स्टिरिओ पिन लावली की डावा आणि उजवा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. तेव्हापासून मिक्सरकडची केबल आम्ही स्वतः सोल्डर करतो, नुसती डावी बाजू मोनो पिनला जोडून.

विजेचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा निघाला नाही. एकसष्ट पट्ट्यांच्या कीबोर्डचा अडॅप्टर बारा व्होल्ट, एक अँपिअरचा असला तर सोळा मिळून दोनशे वॉटही होत नाहीत. घरगुती इन्व्हर्टरवर, दीडशे अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत, तीन-चार तास आरामात निघतात. फक्त अडॅप्टरची अदलाबदल करू नये. काहींत पिनचा मधला भाग धन असतो, काहींत ऋण.

टेबलांबद्दल मात्र मी हट्टी आहे. शाळेचा बाक अडीच फूट उंच, त्यावर कीबोर्डची जाडी. पाचवीच्या पोराची कोपरं खांद्यापर्यंत येतात आणि मनगट मोडून वाजवायची सवय लागते, ती पुढे सुटत नाही. आम्ही गावातल्याच सुताराकडून दोन फुटी टेबलं करून घेतो. आणि खडूचा फळा असेल त्या खोलीत मी कीबोर्ड बसवत नाही. खडूची भुकटी आणि ते कार्बनचे ठिपके, पुढचं सांगायला नको.

सोळा कीबोर्डांचा वर्ग लावला तेव्हा आप्पा सोबत आले. तिथले सर जुन्या वळणाचे. म्हणाले, "यात मींड कुठे आहे?" मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. आप्पा म्हणाले, "सर, पेटीलाही हेच म्हणायचे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दारात उभं केलं नव्हतं." सर हसले आणि त्यांनी स्वतःची पेटी काढली. आम्ही प्रत्येक शाळेला सांगतो की पेटी अडगळीत टाकू नका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला हार्मोनियम घेऊन बसायचं तर भात्याचा हात पेटीवरच तयार होतो. कीबोर्डने बोटं फिरती होतात, एवढंच.

सरांनी पांढरी सहा धरली, मी कीबोर्डवर तीच पट्टी दाबली. सूर थरथरला. आप्पांनी डोळे मिटून मोजलं, सेकंदाला दोन लहरी, म्हणजे दोन हर्ट्झचा फरक. कीबोर्ड ४४० हर्ट्झवर, पेटी थोडी चढी. मी म्हटलं, पेटीचे सूर उतरवू. सुराच्या पत्तीच्या बुडाशी घासलं की सूर उतरतो, टोकाशी घासलं की चढतो. आप्पांनी माझा हात धरला. "तीस वर्षं याच सुरात गळा लावलाय यांनी. यंत्राला हलव." सेटिंगमध्ये जाऊन मी ४४२ केलं. लहर थांबली. मग एकेक करून सोळाही केले.

इतक्यात मागच्या रांगेतून एक पोरगी ओरडली, "सर, मन्हं वाजी नही राह्यनं!" हेडफोनची पिन अर्धीच बसली होती.

बरेचसे कीबोर्ड बंद केल्यावर सेटिंग विसरतात. वर्ग काळी एकमध्ये गातो, पण लहान मुलं बोटं पांढरी एकपासून शिकतात. ट्रान्सपोज १ केलं की पांढरी एक दाबली तरी काळी एकचा सूर येतो. म्हणून आप्पांनी निघताना सोळा चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यावर स्वतःच्या हाताने चिकटवल्या. 'ट्रान्सपोज १. ट्यूनिंग ४४२. आधी सरांची पेटी ऐका.'