उन्हाची बेगमी: जर्मनीतल्या घरात हायड्रोजन कशासाठी?

एप्रिल-मेमध्ये पापड-कुरडया वाळवून ठेवायच्या आणि पावसाळ्यात डबा उघडायचा, हा हिशोब आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. जर्मनीतली काही घरं विजेचं तसंच करतात. जूनचं जादा ऊन हायड्रोजन करून टाकीत भरतात आणि डिसेंबरात काढतात. भारतातून मात्र हमखास प्रश्न येतो, ‘मग बॅटरीऐवजी हायड्रोजनच का नाही?’ घोळ इथेच आहे. बॅटरी रात्रीसाठी असते, हायड्रोजन ऋतूसाठी. जर्मनीतल्या अशा घरात दोन्ही असतात.

जर्मनीतलं फ्रायबुर्ग शहर ४८ अंश अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी ४८ अंश. एक किलोवॅटचं सौर पॅनेल फ्रायबुर्गमध्ये वर्षाला साधारण हजार युनिट देतं, पण जूनमध्ये १२०-१३० आणि डिसेंबरात २५-३०. त्यातही आठवडाभर राखाडी आभाळ आणि वारा ठप्प, अशी पाळी येते. जर्मन माणसं तिला ‘डुंकेलफ्लाउटे’ म्हणतात. अशा आठवड्यात दहा युनिटची बॅटरी दुसऱ्या दिवशी रिकामी होते आणि मग भरतच नाही.

कल्पना जुनीच आहे. फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेने फ्रायबुर्गमध्ये १९९२ साली ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) न जोडलेलं सौरघर उभारलं आणि त्यात हायड्रोजनच साठवला. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडच्या ब्रुटेन गावात नऊ कुटुंबांची आख्खी इमारत याच पद्धतीने ग्रिडशिवाय उभी राहिली. तिथे छतावरच नव्हे, भिंतींवरही पॅनेल आहेत.

आता यंत्राची साखळी. पॅनेलची वीज आधी घराला, मग बॅटरीला. बॅटरी ऐंशी-नव्वद टक्के भरली आणि जादा वीज टिकून राहिली, तरच इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) सुरू करायचा. प्रत्येक ढगासरशी चालू-बंद केलं तर स्टॅक, म्हणजे त्यातला पाणी फोडणारा गाभा, लवकर म्हातारा होतो. इलेक्ट्रोलायझर पाणी फोडतो, हायड्रोजन वाळवला जातो, कॉम्प्रेसर तो ३०० बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या सुमारे तीनशे पट) दाबून बाहेरच्या सिलिंडरांत भरतो. हिवाळ्यात रेग्युलेटरने दाब उतरवून तोच वायू फ्युएल सेलला, म्हणजे हायड्रोजनपासून पुन्हा वीज करणाऱ्या यंत्राला, द्यायचा. फ्युएल सेल दीड किलोवॅटचा असला तरी चालतं. तो तासन्‌तास एकाच चालीने बॅटरी भरत राहतो आणि इंडक्शन शेगडीचे तीन किलोवॅट बॅटरीतून जातात.

सगळ्यात जास्त दुखणी पाण्यातून येतात. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागतं, प्रत्यक्षात दहाच्या वर. प्रमाण नगण्य, पण शुद्धता कडक: विद्युतवाहकता एक मायक्रोसिमेन्सपेक्षा कमी. आपल्या घरच्या आरओचं पन्नास टीडीएसचं ‘गोड’ पाणी इथे चक्क घाण ठरतं. त्यातलं कॅल्शियम स्टॅकमधल्या मेम्ब्रेनमध्ये (पातळ पडद्यात) जाऊन बसतं, प्रोटॉनची वाट अडवतं आणि तेवढ्याच करंटला जास्त व्होल्टेज लागू लागतं. स्टॅकचं व्होल्टेज महिन्या-महिन्याला चढताना दिसलं की आधी पाणी शुद्ध करणारं रेझिनचं काडतूस बदलावं. पाण्याच्या वाटेवर तांबं-पितळ लावायचं नाही. पितळेचा एखादा जोड पुरे, त्यातले आयन मेम्ब्रेन नासवतात.

दुसरं दुखणं ओलाव्याचं. इलेक्ट्रोलायझरमधून निघणारा वायू ओला असतो आणि त्यात किंचित ऑक्सिजनही असतो. उत्प्रेरकावर तो ऑक्सिजन जाळून, मग ड्रायरमधून नेऊन दवबिंदू (ज्या तापमानाला वायूतला ओलावा गोठू-साचू लागतो तो) उणे ५० अंशांच्या खाली आणावा लागतो. ड्रायर थकला तरी उन्हाळ्यात काही कळत नाही. जानेवारीत, बाहेर उणे दहा असताना, रेग्युलेटरमध्ये बर्फ धरतो आणि फ्युएल सेल उपाशी बंद पडतो. दोष जुलैचा, भोग जानेवारीत.

गळतीचं भय खरं आहे, पण भयाची जागा चुकते. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका. मोकळ्यावर तो झटकन वर निघून जातो. धोका बंद खोलीत, छताखाली साचण्याचा. हवेत ४ ते ७५ टक्के असला की पेटतो, ठिणगीही अगदी इवलीशी पुरते, वास नाही आणि ज्योत दिवसा दिसत नाही. म्हणून सिलिंडर घराबाहेर, सेन्सर छतालगत, आणि चार टक्क्यांच्या दहाव्या हिश्शालाच पंखा व अलार्म. नळ्या ३१६एल स्टेनलेसच्या. पहिल्यांदा भरण्याआधी नायट्रोजनने आतली हवा हुसकावायची. गळती शोधायला शुद्ध हायड्रोजन न वापरता पाच टक्के हायड्रोजन आणि बाकी नायट्रोजन असं मिश्रण वापरतात.

आकडेमोड करून पाहू. चांगलं इन्सुलेशन असलेलं घर, हीट पंप (विजेवर घर आणि पाणी तापवणारं यंत्र) आणि १२ किलोवॅटचे पॅनेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरखर्चाला महिन्याला ३३० युनिट. हीट पंपाला नोव्हेंबरात ४५०, डिसेंबर-जानेवारीत प्रत्येकी ६००, फेब्रुवारीत ५००. पॅनेल देणार अंदाजे ४२०, ३००, ३४० आणि ६००. तूट येते सुमारे १,८०० युनिटांची.

एक किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ युनिट ऊर्जा असते. फ्युएल सेल त्यातली निम्मी वीज करतो, म्हणजे १६ युनिट. उरलेली निम्मी उष्णता होते. ती पाणी तापवायला वापरली तर हीट पंपाचं काम हलकं होतं आणि ९० किलोत भागतं. ३०० बारला ५० लिटरच्या एका सिलिंडरात साधारण एक किलो बसतो, म्हणजे नव्वद सिलिंडर! बागेत तेवढी जागा हवी. हायड्रोजन तयार करायला किलोमागे साठ युनिट आणि दाबायला तीनेक, म्हणजे नव्वद किलोला एकूण ५,७०० युनिट. उन्हाळ्याचे १८० दिवस, रोज सहा तास धरले तर इलेक्ट्रोलायझर पाच किलोवॅटच्या वरचा हवा. विक्रेता दोन-अडीच किलोवॅटचा दाखवत असेल तर टाकी अर्धीही भरणार नाही.

आणि माहितीपत्रकात न सापडणारा एक खर्च: कंट्रोलर, पंप, सेन्सर मिळून सतत शंभर वॅट खात असतील, तर चार महिन्यांत २८८ युनिट गेले. म्हणजे अठरा किलो हायड्रोजन निव्वळ यंत्राच्या पोटात.

पैशाचं गणित तर क्रूरच आहे. ग्रिडची वीज युनिटला ३५ सेंटच्या आसपास. १,८०० युनिटचे झाले ६३० युरो. तेच ५,७०० युनिट हायड्रोजन न करता ग्रिडला विकले असते तर आठ सेंटने साडेचारशे युरो मिळाले असते. वर्षाचा फायदा पावणेदोनशे युरो, आणि यंत्रणेची किंमत लाख युरोच्या घरात. ग्रिड दारात असताना हे हौसेचं काम आहे, आणि हौसेला मोल नसतं हे मान्य. जिथे वीजवाहिनी पोचतच नाही किंवा तुटली तर आठवडाभर येत नाही, अशा डोंगरातल्या घराचा हिशोब वेगळा.

पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात ही तूटच पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन घटतं, पण उन्हाळ्याच्या निम्म्याहून जास्त राहतं. महाबळेश्वरची गोष्ट निराळी. बाकी ठिकाणी दोन पॅनेल जास्त लावून पावसाळा निघतो, आणि रात्रीला किंवा लोडशेडिंगला लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी पुरते. ती टाकलेल्या दहा युनिटांतले नऊ परत देते. हायड्रोजन वीज म्हणून जेमतेम अडीच देतो. शिवाय विदर्भातल्या ४५ अंशांत इलेक्ट्रोलायझर थंड ठेवायलाच वीज लागेल.

तरीही कुणी ‘घरगुती हायड्रोजन’ विकायला आलं, तर किलोमागे कॉम्प्रेसरसकट किती युनिट लागतात आणि यंत्र नुसतं उभं असताना किती वॅट खातं, हे लेखी मागा. सिलिंडरचा परवाना कुणाच्या नावावर, हेही विचारा. दाबाखालच्या वायूंचा कारभार पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना पाहते, आणि तिचं मुख्यालय नागपुरातच आहे.