करमतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"गोव्यात एकटी राहतेस, करमतं का गं?" मिरजेला गेले की हा प्रश्न उंबऱ्यातच भेटतो. जुने सहकारी तोच जरा वेगळा विचारतात, "चार दिवस फिरायला ठीक, पण कायमचं राहून संध्याकाळी करता काय?" आणि परवा भाचीचा फोन आला. तिला पणजीत नोकरी मिळतेय. म्हणाली, "मावशी, तिथं ओळखी कशा होतात?" फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. सगळी चार वर्षं सांगत नाही. एकच महिना सांगते, त्रिपुरारी पौर्णिमेपासून आठ डिसेंबरच्या फेस्तापर्यंतचा, म्हणजे चर्चच्या उत्सवापर्यंतचा.

त्याआधी पहिल्या वर्षाचं खरंखरं सांगायला हवं. शनिवार-रविवार अंगावर यायचे. मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचे, माणसं भरपूर, पण बहुतेक दोन दिवसांची. कला अकादमीत गाणं ऐकायला जायचे. गाणं उत्तमच असायचं. कार्यक्रम संपला की लोक बाहेर घोळक्या-घोळक्यानं थांबायचे, कुणी कुणाच्या मुलीचं लग्न विचारायचं, कुणी कुणाला घरी सोडायचं. मी मांडवीच्या कडेनं चालत खोलीवर यायचे. कार्यक्रम कमी नव्हते. पणजी एवढंसं शहर, पण नोव्हेंबर उजाडला की रोज कुठंतरी काहीतरी असतंच. मला तिथं काही काम नव्हतं, एवढंच. हे कळायला मला वर्ष लागलं.

ते कळलं तंबोऱ्यामुळं.

पणजीच्या मळा भागात एका जुन्या घरी महिन्यातून एकदा गाण्याची बैठक होते. पंचवीस-तीस माणसं, सतरंजी, मध्यंतरात चहा. कार्यालयातल्या एकीनं मला नेलं होतं. दोनदा मी मागच्या भिंतीला टेकून बसले आणि मध्यंतरात उठून आले. तिसऱ्या वेळी तंबोऱ्यावर बसणारी मुलगी तापानं आडवी. घरच्या वहिनींनी खोलीभर नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही मिरजेच्या ना? धरा बघू."

मिरजेचं नाव ऐकून मला भरून आलं, आणि लाजही वाटली. सतारमेकर गल्लीवरून मी शाळेत जायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे दुकानाबाहेर वाळत ठेवलेले असायचे, आत रंधा चालायचा, कुणीतरी तार छेडून कान लावून बसलेलं असायचं. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण त्या गल्लीतला एकही तंबोरा मी कधी मांडीवर घेतला नव्हता. तसं सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात येतं."

दहा मिनिटांत त्यांनी जे सांगितलं ते आजही तसंच्या तसं आठवतं. पहिली तार पंचमाची, ती मधल्या बोटानं. मग जोडाच्या दोन, षड्जात लावलेल्या, आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची पितळी, या तिन्ही तर्जनीनं. तार ओढायची नाही, बोट तिच्यावरून घसरू द्यायचं. राग मालकंस असेल तर पहिली तार मध्यमात लावायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तबला कितीही चढला तरी त्याच्या मागं धावायचं नाही. गाणारा द्रुतात गेला तरी तुझा हात तोच. मग त्यांनी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा अगदी तसूभर पुढं सरकवला आणि कोरडी वाजणारी तार एकदम उमलली. "जवारी लागली," त्या म्हणाल्या. समोरच्या माणसांचे आवाजही हळू झाले.

त्या दिवशी मी अडीच तास बुवांच्या मागं बसले. माझ्याकडं कुणीही पाहिलं नाही, आणि माझ्यावाचून कुणाचं चाललंही नसतं. पाय बधिर झाले होते. मध्यंतरात कुणीतरी न विचारता चहाचा कप हातात दिला. निघताना सतरंजीची दोन टोकं माझ्याकडं आली, दोन समोरच्या काकांकडं. घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "राहता कुठं?" माझी पणजीतली पहिली ओळख ती.

आता तो महिना.

त्रिपुरारीला आम्ही बैठकीतले सातजण साखळी गावाला गेलो. वाळवंटीच्या काठी विठ्ठलापूरला विठ्ठलाचं देऊळ आहे, तिथं त्या रात्री नदीत नौका सोडतात. लोकांनी महिनाभर खपून केलेल्या, वेताच्या, कागदाच्या, दिव्यांनी सजवलेल्या. त्रिपुरासुराचा वध होतो, पाण्यावर दिवे हलत राहतात, काठावर मुंगीलाही जागा नसते. गोव्याबाहेरच्या कुणाला गोवा दाखवायचा असेल तर मी ही रात्र दाखवीन. परतीला बस मिळणार नाही, हे ठाऊक असल्यानं गाडी आधीच ठरवलेली. अशी साधी गोष्टसुद्धा एकट्या माणसाला जमत नाही, हे भाचीनं लक्षात ठेवावं.

नोव्हेंबरातच कला अकादमीचा सुरश्री केसरबाई केरकर स्मृती संगीत समारोह येतो. त्याला मी सुट्टी काढते. गायिका केसरबाई फोंड्याजवळच्या केरीच्या. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी व्हॉयेजर या अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे. त्यातलं व्हॉयेजर-1 हे 5 सप्टेंबर 1977 ला सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मध्ये फक्त अकरा दिवस. सकाळच्या सत्रात मंचावर तंबोरे जुळत असतात तेव्हा मला दर वेळी हे आठवतं. हवा बदलली की तारांचा सूर हलतो, मग दोन रागांच्या मध्ये मणी सरकवून पुन्हा जुळवणं चालतं. पूर्वी तेवढ्या वेळात मी फोन बघायचे. आता माझं सगळं लक्ष त्या बोटांकडं असतं.

इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही याच दिवसांत असतो, 2004 पासून इथंच भरतो. दोन सिनेमे पाहिले. छान होते. पण त्याबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही.

एका रविवारी किनारा स्वच्छ करायला गेले, ते मात्र सांगते. एका संस्थेनं बोलावलं होतं. सकाळी सहाला साठ-सत्तर माणसं आली, टोप्या मिळाल्या, दोन तासांत बाटल्यांची झाकणं, थर्माकोल, जाळ्यांचे तुकडे यांनी पिशव्या भरल्या. फोटो झाले. मंगळवारी तिकडून गेले तर त्या पिशव्या जिथल्या तिथं, कुत्र्यांनी फाडलेल्या, आणि कचरा परत वाळूत. मला फार वाईट वाटलं. कचरा उचलून नेणार कोण, हे आधी विचारल्याशिवाय मी आता कुठंही जात नाही. आणि जिथं पुढच्या आठवड्यात परत या म्हणत नाहीत, तिथं तर नाहीच.

रायबंदरजवळच्या वृद्धाश्रमात तसं म्हणतात. दर शनिवारी सकाळी मी बसनं जाते, मिठागरांच्या कडेनं, सतराव्या शतकातल्या त्या दगडी बांधावरून. काम वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचं. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं अग्रलेख काढला. एक आजोबा म्हणाले, "ते राहू दे. निधनवार्ता वाच." हे आजोबा प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचे, आता डोळ्यांनी दिसत नाही. मी नाव वाचायचं, गाव वाचायचं, आणि मग ते थांबवायचे. "ह्याचा थोरला भाऊ माझ्या वर्गात होता." एकेका नावामागं दहा मिनिटं. मी डिचोली म्हटलं की पलीकडची आजी दिवचल म्हणते, म्हापसा म्हटलं की म्हापशें. त्या एका पानावर मी जेवढा गोवा शिकले तेवढा फिरून शिकले नसते.

आश्रमात हिंदूही आहेत, ख्रिश्चनही. एक बाई माझ्याशी कोंकणीतच बोलतात, मी मराठीत उत्तर देते, दोघींचं अडत नाही. निघताना दर वेळी विचारतात, "फाल्यां येतली मगो?" उद्या येणार ना? मी सांगते, उद्या नाही, शनिवारी. त्या मान हलवतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उद्याचंच विचारतात. पावसात एकदा बस चुकली, मी गेले नाही, तर त्या दुपारपर्यंत जेवल्या नाहीत असं तिथल्या ताईंनी सांगितलं. तेव्हापासून मी शनिवारी दुसरं काही ठरवत नाही. मिरजेतलं लग्नसुद्धा रविवारचं असेल तरच.

आठ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं फेस्त. खाली चौकात फेरी, म्हणजे जत्रा भरते, खाज्यांचे ढीग लागतात, आलं-गुळाचा वास लांबून येतो. वहिनी आणि मी दोन किलो खाजं घेतलं आणि तिथूनच आश्रमात गेलो, कारण त्या दिवशी तंबोरा न्यायचा ठरला होता. मास्तर आजोबांनी बरेच दिवस मागणं लावलं होतं. गवसणी काढली तेव्हा सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. वहिनींनी एक अभंग म्हटला, मी तारा छेडत होते.

मग कोपऱ्यातल्या एक आजी गुणगुणायला लागल्या. एरवी बोलायच्या नाहीत. त्या कुर्डीच्या, गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या गावच्या. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेलं आणि 1980 च्या दशकात माणसं उठून वाडे, वालकिणीला गेली. मे महिन्यात पाणी उतरतं, सोमेश्वराचं देऊळ वर येतं, तेव्हा माणसं तिथं परत जातात. आजी म्हणत होत्या ते धालोचं, बायकांच्या लोकनृत्याचं गाणं होतं. "आमचो मांड उदकांत गेलो," त्यांनी मध्येच थांबून सांगितलं, म्हणजे धालो खेळायची जागा पाण्यात गेली, आणि परत सुरू केलं.

तंबोरा वहिनींसाठी काळी चारच्या पट्टीत लावलेला. आजींचा सूर त्याच्या बराच खाली, दोन्ही एकत्र वाजेना. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. इतके महिने त्यांनी खुंट्यांना हात लावू दिला नव्हता. मी खर्जाची खुंटी सैल केली, मग जोडाच्या दोन, मग पंचम. तारा ढिल्या पडल्या, आवाज भोंगळ यायला लागला. दोरा थोडा मागं घेतला, परत पुढं. आजी थांबल्या नव्हत्या. तिसऱ्या का चौथ्या खेपेला तार त्यांच्या आवाजाला जाऊन मिळाली आणि त्यांनी डोळे उघडून तंबोऱ्याकडं पाहिलं.

सगळं गाणं झालं, मग आम्ही खाजं वाटलं. मास्तरांनी विचारलं, "आजचा पेपर राहिला ना?" तो वाचूनच आम्ही निघालो.