फोनवरून ज्येष्ठांना व्यायाम शिकवताना : माझा अनुभव

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि साठी-सत्तरीतल्या मंडळींचं सकाळचं फिरणं एका दिवसात थांबलं. फिजिओथेरपीचं काम मी फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर आणलं. कोणते व्यायाम द्यायचे हा प्रश्न नव्हता. सांगितलेलं समोरच्याला नेमकं कसं कळलंय, हे फोनवर दिसत नाही. सगळी मेहनत तिथे घ्यावी लागली.

"कळलं ना, काकू?" याला उत्तर "हो" हेच येतं. त्याऐवजी "उद्या सकाळी काय काय करणार, ते मला सांगा" असं विचारायचं. "१० × २" असं लिहून पाठवलं की कुणी ते दहा दिवस, दिवसातून दोनदा असंही वाचतं. "सेट" हा शब्द व्यायामशाळेतला, तोही नको. "दहा वेळा उठा-बसा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा दहा वेळा" असं पूर्ण वाक्य मोठ्या अक्षरांत लिहावं.

सुरुवात खुर्चीवरून उठण्या-बसण्यानं. घरात बसून मांड्यांची ताकद लवकर उतरते आणि कमोडवरून उठणं, जिना चढणं सगळं त्यांच्यावरच असतं. खुर्ची साधारण १७ इंच उंच, टणक, पाठीमागे भिंत असलेली हवी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची फरशीवर सरकते आणि सोफा फार खोल पडतो. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर, पुढे झुकून नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की मग उठायचं. चूक बहुधा इथेच होते. पाठ ताठ ठेवून उठायला गेलं की वजन टाचांवर राहतं आणि माणूस धपकन मागे बसतो. आकडे मोठ्यानं मोजायला लावावेत, म्हणजे श्वास रोखला जात नाही. पाच वेळा उठायला १५ सेकंदांहून जास्त लागले, तर पायांत ताकद कमी आहे असं समजून हातांच्या आधारानं सुरू करावं.

तोल सांभाळण्याचा सराव स्वयंपाकाच्या ओट्याशी. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद उभं राहायचं, हात ओट्यापासून इंचभर वर. आधी पायपुसणं उचलायचं, आणि घरात दुसरं कुणी असतानाच करायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा सराव सांगितला. हा आकडा पहिल्याच फोनवर सांगू नये, माणूस दडपतो. दिवाणखान्यात १० मिनिटं चालण्यापासून सुरू करावं. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत दम म्हणजे मध्यम. नाडी मोजून ठरवू नये, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी व्यायाम करू नये.

ऑक्सिमीटरनं सर्वांत जास्त घबराट केली. त्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. ७६ ही नाडी ऑक्सिजन समजून आजी रडकुंडीला येतात. काही यंत्रांवर आकडे उलट्या बाजूनं वाचले की ९८ चे ८६ दिसतात! म्हणून फोनवर आधी विचारायचं, "आकड्याशेजारी कोणती अक्षरं आहेत?" SpO2 म्हणजे ऑक्सिजन, PR म्हणजे नाडी. नखाला नेलपॉलिश नको, बोट गार असेल तर चोळून घ्यावं, आकडा स्थिरावेपर्यंत मिनिटभर थांबावं.

२०२१ च्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागानं घरी ६ मिनिटं चालून ऑक्सिजन पाहायला सांगितलं. साठीपुढच्यांना ३ मिनिटंही पुरत होती. सपाट जमिनीवर, जिना नाही. चालल्यावर आकडा ९३ च्या खाली गेला किंवा ३ पेक्षा जास्त घसरला, तर दवाखाना गाठायचा. याच काळात "१० सेकंद श्वास रोखता आला म्हणजे कोरोना नाही" हा निरोप फिरत होता. तो धादांत खोटा. संसर्ग असलेल्यालाही श्वास रोखता येतो. नुसतं "खोटं आहे" म्हटल्यानं भागत नाही, हे कारणही द्यावं लागतं.

आजारातून उठलेल्यांना लक्षणं जाऊन ७ दिवस होईपर्यंत मी थांबवत होते. मग पहिला आठवडा खुर्चीत बसून पाय हलवणं आणि खोलीतल्या खोलीत ५ मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी अंग नेहमीपेक्षा जास्त गळून गेलं, तर आदल्या दिवसाच्या निम्मं. छातीत दुखणं, भोवळ किंवा धडधड झाली तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.