फॉरमॅट न मारता

घरच्या संगणकावर नको त्या जाहिराती उपटू लागल्या की आपल्याकडे सहसा दोनच सल्ले मिळतात: एखादा चांगला अँटिव्हायरस विकत घ्या, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा. दोन्ही सल्ले अगदीच चुकीचे आहेत असे नाही. पण जाहिराती नेमक्या कुठून येत आहेत, हे ते देणारा सहसा विचारत नाही. साताऱ्याला आमच्या घरी हा उपद्रव झाला तेव्हा सुदैवाने तो प्रश्न विचारणारा माणूस घरातच सापडला. त्याने काय केले आणि काय करायचे टाळले, याची ही नोंद आहे.

संगणक माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा. निवृत्तीनंतर ते गावच्या देवस्थानाच्या जुन्या कागदपत्रांच्या नकला संगणकावर उतरवून ठेवतात. त्यांच्या आधीच्या फाइल्स युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत आणि अशा फाइल्सची अडचण मराठीत टंकलेखन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते: तो फॉन्ट संगणकावर नसेल तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होऊन समोर येतो. फॉन्टची मूळ सीडी केव्हाच गहाळ झाली आहे. त्यामुळे बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्याने “सगळं साफ करून नवं विंडोज टाकून देतो, फक्त त्या फॉन्टचं माझ्यावर नाही,” असे सांगितले तेव्हा अण्णांनी संगणक तिथून तसाच परत आणला.

लक्षणे तीन होती. क्रोममध्ये काहीही शोधले की पत्ता क्षणभर दोन-तीन अनोळखी नावांवरून उड्या मारत जाई आणि निकाल याहूच्या पानावर उघडत. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खालून “तुमच्या संगणकात पाच व्हायरस आढळले” अशा चौकटी सरकत वर येत. आणि अधूनमधून अख्खा पडदा व्यापणारे एक पान उघडे, त्यावर मायक्रोसॉफ्टचे चिन्ह, कर्कश भोंगा आणि मदतीसाठी एक टोल-फ्री क्रमांक. हा क्रमांक अण्णांनी डायरीत व्यवस्थित उतरवून ठेवला होता, वेळप्रसंगी उपयोगी पडेल म्हणून.

माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात एका रुग्णालयाच्या संगणक विभागात काम करतो. त्याला फोन केला तेव्हा तो पहिले वाक्य बोलला ते असे: “मामी, आत्ता काहीच डिलीट करू नकोस. काय काय होतंय ते आधी नीट सांग.” दुसरे वाक्य त्या डायरीतल्या क्रमांकाबद्दल होते, आणि ते त्याने आजोबांना फोनवर घेऊन सांगितले: “आजोबा, तो नंबर खोडून टाका. मायक्रोसॉफ्ट असा पडद्यावर फोन नंबर कधीच देत नाही.” त्या क्रमांकापलीकडे बसलेले लोक दूरून संगणकाचा ताबा मागतात, विंडोजच्या नोंदवहीतल्या नेहमीच्या किरकोळ त्रुटी दाखवून घाबरवतात आणि पैसे उकळतात. हा धंदा आपल्या देशात चांगलाच फोफावलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या नावाने देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून शोधलेली अशी बनावट तंत्रसहाय्य केंद्रेही होती. कोणी या जाळ्यात सापडून पैसे गमावलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी; रक्कम पुढे सरकण्याआधी थोपवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

गंमत अशी की भाचाही आमच्या संगणकावर दूरूनच आला. विंडोजमध्ये क्विक असिस्ट नावाची सोय असते. मदत करणारा एक कोड देतो, आपण तो आपल्या संगणकावर भरतो आणि आपला पडदा त्याला दिसू लागतो. साधन तेच, पण इथे फोन आम्ही केलेला होता आणि माणूस आमच्या ओळखीचा होता. शिवाय त्याने ताबा मागितलाच नाही. तो केवळ पाहत राहिला आणि माउस शेवटपर्यंत अण्णांच्या हातात राहिला. सुरुवातीला मला हे वेळखाऊ वाटले, परंतु पुढे त्याचे कारण कळत गेले.

आधी अण्णांच्या सगळ्या फाइल्स आणि विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले त्यांचे जुने फॉन्ट बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. एज या विंडोजच्या स्वतःच्या ब्राउझरमध्येही असेच होते का? होत नव्हते. डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून क्रोम उघडले तर भलतेच पान येते, पण स्टार्ट मेन्यूतून उघडले तर? तेव्हा पहिले पान नेहमीचेच येत होते. या उत्तरांवरून त्याने लक्षणांची फोड केली आणि आम्ही ज्याला एक रोग समजत होतो ते प्रत्यक्षात वेगवेगळ्या वाटांनी आलेले तीन-चार उपद्रव आहेत, हे माझ्या लक्षात आले.

कोपऱ्यातल्या चौकटी तर संगणकात शिरलेल्या कोणत्याही प्रोग्रामच्या नव्हत्याच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, ज्या संकेतस्थळांना सूचना पाठवायची परवानगी दिलेली असते त्यांची यादी असते. त्या यादीत दोन मराठी वृत्तपत्रांबरोबर अर्थहीन अक्षरांची अनेक नावे बसलेली होती. “तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी ‘अलाउ’ दाबा” असे सांगणारी पाने ही परवानगी मिळवतात. ती नावे काढली आणि चौकटी थांबल्या. ज्यांच्या घरी फक्त एवढाच त्रास असेल त्यांना अँटिव्हायरसवर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही, हे मला इथे मुद्दाम लिहावेसे वाटते, कारण असा खर्च केलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत.

खरे जाहिरातखोर प्रोग्राम शोधायला त्याने जी युक्ती वापरली ती अगदी साधी होती. कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रामांची यादी नावाप्रमाणे न लावता स्थापनेच्या तारखेप्रमाणे लावायची. तशी लावताच एकाच तारखेला आलेले चार प्रोग्राम एकाखाली एक दिसले: फॉन्ट बदलणारा एक कन्व्हर्टर, एक ‘ड्रायव्हर अपडेटर’, एक पीडीएफचे काहीतरी आणि ब्राउझरचा स्वयंघोषित साहाय्यक. अण्णांना जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये आणायच्या होत्या, म्हणून त्यांनी कन्व्हर्टर शोधला होता. शोधनिकालांत सर्वांत वर आलेला दुवा जाहिरातीचा होता आणि तिथून उतरलेल्या फाइलीने मागे आणखी तिघांना आत घेतले. अशा इन्स्टॉलरमध्ये ‘रेकमेंडेड’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि ‘कस्टम’ उघडल्याशिवाय सोबतच्या मंडळींच्या खुणा दिसतच नाहीत. मराठी फॉन्ट, टंकलेखनाची साधने, कन्व्हर्टर यांच्या नावाने अशी डाउनलोडची पाने थाटणाऱ्यांना आपली गरज चांगली ठाऊक असते.

हा प्रकार केवळ आडबाजूच्या पानांपुरता मर्यादित होता असे मात्र नाही. जावा बसवताना बरीच वर्षे सोबत ‘आस्क टूलबार’ देऊ केला जाई आणि त्याची खूण आधीच केलेली असे. सोर्सफोर्जसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या नावाजलेल्या भांडारातही २०१३ नंतर काही काळ डाउनलोडबरोबर अशी जोडपत्रे येत होती; मालकी बदलल्यावर २०१६ मध्ये ते बंद झाले. वापरणाऱ्याने कुठेतरी ‘मान्य’ म्हटलेले असल्यामुळे अँटिव्हायरस कंपन्या अशा प्रोग्रामांना बराच काळ उघड व्हायरस म्हणायला कचरत आणि ‘कदाचित नकोसे’ अशा मवाळ वर्गात टाकत. पैसा दोन्ही बाजूंनी येतो: प्रत्येक स्थापनेमागे काही रक्कम, आणि आपला शोध वळवून एखाद्या खऱ्या शोधयंत्राकडे नेल्याबद्दल दलाली. आमचे निकाल याहूवर उघडत होते याचा अर्थ याहूने काही केले होते असा नाही. मधल्या उड्यांमध्ये कोणीतरी आपला वाटा घेत होते. २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच एका जाहिरातखोर जाळ्याची माहिती दिली तेव्हा सर्वाधिक बाधित संगणक भारतात असल्याचे सांगितले होते, सुमारे अडीच कोटी. मायक्रोसॉफ्टने हे आकडे फुगवलेले असल्याचे म्हटले, आणि मला वाटते संख्येबाबत सावध राहणेच बरे.

चारही प्रोग्राम काढताना ‘होय’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल केलेल्या खिडक्या आल्या, त्या अण्णांनी एकेक शब्द वाचून पार केल्या. मग क्रोममधले शोध वळवणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, काढायला गेलो तर त्याचे ‘रिमूव्ह’ बटणच नव्हते आणि मेन्यूच्या तळाशी “हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो” अशा अर्थाचे वाक्य होते. “आपली कोणती संस्था?” हा अण्णांचा प्रश्न रास्तच होता. कार्यालयांना आपल्या सगळ्या संगणकांवर ठरावीक एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावे म्हणून क्रोममध्ये धोरणांची सोय आहे. धोरण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या मूळ साठ्यात, लिहिले जाते, आणि प्रशासकाचा अधिकार मिळालेला कोणताही प्रोग्राम तिथे लिहू शकतो. क्रोमच्या धोरणांच्या पानावर नेमकी कोणती नोंद आहे ते पाहून, रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवून, तेवढीच नोंद पुसली. क्रोम पुन्हा उघडल्यावर संस्था गेली होती आणि बटण परतले होते. डेस्कटॉपवरच्या चिन्हाचे कोडेही असेच सुटले: त्या शॉर्टकटच्या ‘टार्गेट’ या ओळीत क्रोमच्या नावापुढे एक संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला होता.

यानंतर अ‍ॅडव्क्लीनर चालवला. जाहिरातखोर प्रोग्राम हुडकून काढणारे हे छोटे मोफत साधन २०११ पासून आहे, २०१६ मध्ये ते मालवेअरबाइट्स कंपनीने घेतले, आणि ते संगणकावर बसवावेही लागत नाही. भाच्याचा आग्रह होता की ते त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यायचे, कारण सफाईच्या साधनांच्या नावानेही बनावट डाउनलोड फिरत असतात. तपासणी संपल्यावर त्याने आम्हाला काहीही दाबू दिले नाही. तयार झालेला अहवाल मागवून तो ओळीओळीने वाचला. उत्पादकाने संगणकासोबत आधीच दिलेले प्रोग्रामही त्यात वेगळ्या गटात दाखवले जातात. त्यांपैकी एक बॅकअपचा होता आणि अण्णा तो वापरत होते. तो त्याने ठेवायला सांगितला, बाकीच्या नोंदी विलगीकरणात पाठवायला लावल्या. सरसकट ‘सगळे काढा’ दाबणारा आणि वाचून ठरवणारा, या दोघांत मला इथे फरक दिसला. रुग्णालयात काम करण्याचा हा गुण असावा, असे मी त्याला म्हटले. तो म्हणाला, तिथे तर चुकीची फाइल पुसली की लोक वॉर्डातून ओरडत येतात.

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करताच एक जाहिरातीचे पान पुन्हा उघडले. अण्णांचा धीर इथे सुटला आणि फॉरमॅटचा विषय पुन्हा निघाला. पण कारण सापडले ते टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत: दर लॉगिनला ते पान उघडण्याची सूचना देणारी एक नोंद, जिचे नाव कुठल्याशा अपडेटसारखे ठेवले होते. प्रोग्राम काढल्यावरही अशी नोंद मागे राहते, हे ठाऊक नसेल तर माणूस हताश होऊन सगळेच पुसायला निघतो. त्याच बैठकीत इंटरनेटची वाट जिथून वळवता येते त्या प्रॉक्सी आणि होस्ट्स फाइल या जागा, आणि संकेतस्थळांची ओळख पटवणाऱ्या विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादीही पाहून घेतली. ती स्वच्छ होती. प्रमाणपत्रे पाहण्यामागे २०१५ चे ‘सुपरफिश’ प्रकरण होते. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच बसवलेल्या या जाहिरात प्रोग्रामने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र घातले होते, त्यामुळे तो बँकेच्या सुरक्षित पानांवरचा मजकूरही मधल्यामध्ये उघडू शकत होता, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व संगणकांवर एकच असल्याने तिसऱ्याच कोणालाही तसे करणे शक्य होते. जाहिरातींचा त्रास म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठी. अण्णांच्या बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड आम्ही माझ्या फोनवरून बदलला.

सरकारी मदतीबद्दल मला नंतर कळले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे २०१७ पासून मोफत सफाईची साधने दिली जातात आणि त्यांत पुण्याच्या क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचाही सहभाग आहे. मात्र त्यांचा मुख्य रोख बॉटनेटवर, म्हणजे गुन्हेगारांनी दूरून ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्यांवर आहे. ब्राउझरमधल्या धोरणाच्या नोंदी किंवा शॉर्टकटचे शेपूट यांसाठी शेवटी कोणीतरी शेजारी बसून पाहावेच लागते.

शेवटी दोन बदल झाले. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘कदाचित नकोसे’ अ‍ॅप अडवण्याची सोय असते. ऑगस्ट २०२१ पासून ती मुळात चालू स्थितीत मिळू लागली, पण आमच्याकडे ती बंद आढळली, ती चालू केली. दुसरा बदल अण्णांना रुचला नाही: त्यांचे खाते साधे केले, आणि नवा प्रोग्राम बसवायचा तर प्रशासकाचा पासवर्ड लागेल, जो माझ्याकडे आहे. “माझ्याच संगणकावर मी सुनेची परवानगी मागायची का?” यावर बराच वाद झाला. तडजोड अशी ठरली की पासवर्ड लिहिलेले पाकीट त्यांच्याच कपाटात राहील, आणि ते उघडण्याआधी ते भाच्याला फोन करतील. नवे टंकलेखन आता विंडोजमध्येच असलेल्या मराठी फोनेटिक कीबोर्डवर चालते, जो २०१९ च्या अपडेटपासून मिळतो आणि त्यासाठी बाहेरून काहीच उतरवावे लागत नाही. जुन्या फाइल्सचा कन्व्हर्टर मात्र अजून ठरलेला नाही. दोन पर्याय भाच्याने आपल्या संगणकावर तपासायला घेतले आहेत आणि जोडाक्षरे ज्यात कमी बिघडतील तो अण्णा निवडणार आहेत.