जिरोनाच्या मंडईत कॅटलन

माद्रिदमध्ये राहून स्पॅनिश अंगवळणी पडली की कॅटलन, म्हणजे स्पेनमधल्या कॅटलोनियाची भाषा, आपोआप येते, असं तिथे सगळे सांगतात. वाचण्यापुरतं ते खरं आहे. बार्सिलोनाहून जलद गाडीने चाळीसेक मिनिटांत जिरोनाला उतरले आणि पाट्या, मेनूकार्ड, वर्तमानपत्राचे मथळे सहज वाचत गेले. कान मात्र अडखळले.

स्पॅनिशचे पाच स्वर कुठेही ठसठशीत. इथे आघात नसलेला 'आ' किंवा 'ए' विरघळून 'अ' होतो आणि 'ओ'चा 'उ'. स्पॅनिशमधलं 'बार्थेलोना' इथे 'बर्सलोनऽ' होतं. माझ्या कॅटलनच्या वर्गातल्या कोलंबियन मुलीला हा 'अ' काही केल्या जमेना. आपलं मराठी तर त्याच्यावरच चालतं! प्रौढांसाठी असे वर्ग 1989 पासून कोन्सोर्सी ही सार्वजनिक संस्था चालवते. मुरलेला भाषक आणि शिकाऊ यांची गप्पांसाठी जोडी लावून देण्याची तिथली पद्धत मला फार मोलाची वाटते.

खरी परीक्षा ल्येओ मंडईत झाली. मासे विकणाऱ्या सत्तरीच्या बाई म्हणाल्या, "अई बाच अना अ पलमोस." 'बाच अना' ऐकून स्पॅनिश कानाला वाटतं, बाई आता निघाल्या. पण 'अई' म्हणजे काल. 'जाणे' क्रियापदाचं वर्तमानरूप पुढे लावून कॅटलन चक्क भूतकाळ सांगते. जवळपास त्याच घडणीने स्पॅनिश भविष्य सांगते. काल पालामोस या बंदराच्या गावी जाऊन त्यांनी तिथली प्रसिद्ध लाल कोळंबी आणली होती.

माझे उच्चार ऐकताच बाई स्पॅनिशवर आल्या. परक्याशी स्पॅनिशच बोलायचं, ही इथली जुनी सवय. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत त्यांची सगळी शाळा स्पॅनिशमधून झाली. घरात अखंड कॅटलन, पण लिहायला कुणी शिकवलंच नाही. दुकानातल्या दरांच्या पाटीवरची अक्षरं आजही नात तपासते. 1983 च्या कायद्यानंतर कॅटलन शाळांमध्ये रुजली, त्यामुळे नातीला तो प्रश्न नाही. हे ऐकल्यावर त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये बोलणं मला पटेना.

"पार्लिम अन कतला, सिस्प्लाऊ." माझ्याशी कॅटलनमध्येच बोला ना.

बाई थांबल्या, हसल्या आणि सावकाश बोलू लागल्या. कोळंबी सोलायची नाही, तवा कडक तापवायचा, वरून जाडं मीठ. किती वेळ ठेवायची यावर मागे उभ्या असलेल्या दोघांचं एकमत होईना, आणि तो वादही कॅटलनमध्येच रंगला.